मिस्टर बीनचा टेडी

मिस्टर बीन नाताळात आपल्या टेडीला भेट देतो ती डोळ्यांसाठी दोन बटणांची. दुसऱ्या एका भागात त्याच टेडीला रंगात बुडवून तो भिंत रंगवतो. रोवन ॲटकिन्सनची ही मालिका १९९० ते १९९५ मधली. नातवंडं आजही पाहतात.

लंडनचे बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ मध्ये अशा वस्तूंवर निबंध वाचला होता. पहिल्या वर्षातच मूल एखादी दुपटी, चिंधी किंवा बाहुली धरून बसतं. आई नजरेआड झाली की तिचा आधार त्या वस्तूत शोधतं. तिला कुरवाळतं, तसंच आपटतं, ओढतंही. (टेडीचा ब्रश आठवा!) पण त्या वस्तूत बदल करण्याचा हक्क फक्त मुलाचा. धुतल्याने वास गेला, तरी त्याला ती परकी होते.

उमेदवारीच्या काळात मी हे विसरलो. वॉर्डातल्या दोन वर्षांच्या मुलीच्या हातातली आईच्या लुगड्याची मळकी चिंधी जंतूंच्या धास्तीने मी काढून घेतली. रात्रभर रडून तिने सलाइनची सुई दोनदा उपसली. पहाटे सिस्टरांनी मला न विचारता चिंधी परत दिली. पोर झोपली.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात मात्र मऊ खेळणी, सैल कापड ठेवू नये. श्वास कोंडू शकतो. मोठ्या मुलांना दाखल करताना मी आता आईला विचारतो, ‘‘याचं आवडतं काही घरी राहिलंय का? आणा, तसंच, न धुता.’’