दुकानदार "राहू द्या" म्हणतो तेव्हा



सिडनीच्या पश्चिमेला, पॅरामॅटाच्या शेजारी वेस्टमीड आहे. इथे मोठे इस्पितळ आहे, रेल्वे स्टेशन आहे आणि वेंटवर्थविल, हॅरिस पार्कपर्यंत पसरलेली आपल्याकडच्या किराण्याची, मिठाईची दुकाने आहेत. मुलांमागे मुंबई-ठाण्याहून इथे आलेल्या आम्हा वयस्क मंडळींचे घराबाहेरचे बोलणे बहुतेक या छोट्या दुकानदारांशीच होते. कोणी गुजराती, कोणी पंजाबी, कोणी तमिळ, कोणी लेबनॉनचा. पिशवी जड दिसली तर तो ती घरी पोचवतो. चष्म्याचा स्क्रू बसवून देतो आणि पैसे विचारले तर म्हणतो, "राहू द्या, आंटी." अशा वेळी कसे वागावे, हा प्रश्न आमच्यात वारंवार निघतो.

आपल्याकडे यावर दोन टोके दिसतात. काही जण म्हणतात, "कोणाचे मिंधे व्हायचे नाही," आणि गल्ल्यावर नोट ठेवून तडक निघतात. काही जणांना फुकट ते पौष्टिक वाटते. पहिल्याने देणाऱ्याचे मन मोडते, दुसऱ्याने आपला मान जातो.

आधी ओळखावे

दुकानातली प्रत्येक सूट म्हणजे औदार्य नव्हे. भाजीवर चार मिरच्या आणि कोथिंबीर टाकणे ही व्यापाराची जुनी रीत आहे. न्यू साउथ वेल्समध्ये साठी उलटल्यावर मिळणाऱ्या सीनियर्स कार्डावर दुकाने सवलत देतात, ती धंद्याची योजना असते. ऑस्ट्रेलियात 1 आणि 2 सेंटची नाणी 1992 पासून चलनातून काढून घेतली, त्यामुळे रोखीचे बिल जवळच्या 5 सेंटांवर आणतात. त्यात आपले दोन सेंट वाचले तर तो कोणाचा उपकार नाही. या सगळ्याला हसून "थँक यू" पुरे.

खरे औदार्य म्हणजे ज्याची आपण अपेक्षा केली नव्हती आणि ज्याची झळ देणाऱ्याला थोडी तरी लागते. तिथे आणखी एक पाहावे. देणारा मालक आहे की नोकर? काउंटरवरचा मुलगा प्रेमाने पुडा पिशवीत टाकत असेल, पण माल त्याचा नाही. "बेटा, शेठना विचारलेस का?" एवढे विचारावे. जे त्याचे नाही ते तो देऊ शकत नाही, आणि आपल्यामुळे त्याची नोकरी अडचणीत येऊ नये.

एकदा नको, मग हो

बेरेशीथमध्ये याकोब भाऊ एसावला गुरांचे कळप भेट देतो. एसाव म्हणतो, माझ्याकडे पुष्कळ आहे. याकोब आग्रह करतो आणि एसाव घेतो. आपल्या घरांतही हीच रीत होती. एकदा "कशाला उगीच?" म्हणावे, आणि समोरच्याने मनापासून पुन्हा म्हटले तर घ्यावे. तिसऱ्यांदा ओढाताण नको. मागे रांग उभी असते, दुकानदाराला अवघडल्यासारखे होते, आणि त्याच्या चांगुलपणाचे भांडण होऊन बसते.

घेताना काय बोलावे, ते बेराखोथमध्ये बेन झोमाने पाहुण्याच्या उदाहरणाने सांगितले आहे. चांगला पाहुणा म्हणतो, यजमानाने माझ्यासाठी किती कष्ट घेतले! वाईट पाहुणा म्हणतो, त्याने केले ते स्वतःच्या बायकामुलांसाठीच. म्हणून आभार मानताना नेमके बोलावे: "दुकान सोडून तू माझी पिशवी जिन्यावर आणलीस, गुडघा दुखत होता, फार बरे वाटले." हिब्रूत यालाच हाकारात हातोव म्हणतात, म्हणजे झालेले भले ओळखणे. आणि मिळालेल्या वस्तूत खोट काढू नये. धर्माची गाय अन् दात का नाय, असे आपले लोक म्हणतच आले आहेत.

नको म्हणण्याची वेळ

काही वेळा नकार हाच योग्य. मिठाईवाला गरम समोसा पुढे करतो, तो मटणाचा असतो आणि आपल्याला चालत नाही. देवळातला प्रसाद मिळतो. तो घेऊन पुढच्या कोपऱ्यावर टाकणे हा अन्नाचा आणि देणाऱ्याचा अपमान आहे. हात जोडून सांगावे, "आमचे खाण्याचे नियम आहेत, राग मानू नका." त्यातही त्याला काही द्यायचेच असेल तर एक केळे मागून घ्यावे, म्हणजे त्याचा हात रिकामा परत जात नाही.

दुकान मंदीत असेल, भाडे थकले असेल, तर पैसे द्यावेतच. एफ्रोनने माखपेलाची गुहा तशीच देऊ केली होती, तरी आब्राहामने 400 शेकेल चांदी मोजली. मोठी वस्तू असेल किंवा पुढे काही मागितले जाईल असे वाटत असेल, तर हाच मार्ग बरा.

सुंदर नकार कसा असतो ते बर्जिल्लयकडून शिकावे. अबशालोमपासून पळताना दावीद राजाला त्याने गहू, जव, मसूर, मध पोचवला होता. पुढे राजाने त्याला यरुशलेमला आपल्याजवळ राहायला बोलावले. बर्जिल्लय तेव्हा 80 वर्षांचा होता. तो म्हणाला, आता मला चव कळत नाही, गाणे ऐकू येत नाही, तुमच्यावर भार कशाला? माझ्याऐवजी किम्हामला न्या. त्याने राजाचे मन मोडले नाही, आपला मानही राखला.

परतफेड

लगेच तेवढ्याच किमतीची वस्तू नेऊन देणे म्हणजे हिशेब चुकता करणे. त्याला जरा वेळ जाऊ द्यावा. रोश हाशानाला गव्हाच्या चिकाचा, नारळाच्या दुधातला हलवा होतोच, त्यातल्या चार वड्या त्याच्याकडे न्याव्यात. दूध-तूप नसल्याने बहुतेकांना चालतो.

त्याहून मोठी परतफेड म्हणजे गिऱ्हाईक. माणसाला धंद्यात उभे राहायला मदत करणे ही रामबामने त्झेदाकाची सर्वांत वरची पायरी सांगितली आहे. मोठ्या सुपरमार्केटात दोन डॉलर वाचत असले तरी डाळ-तांदूळ त्याच्याकडूनच घ्यावेत. नातवाकडून गूगलवर चार चांगले शब्द लिहून घ्यावेत, पण "फुकट दिले" हे लिहू नये, रांगेतही बोलू नये. नाहीतर उद्या दहा जण तेच मागायला येतील.

एकदा मिळालेले पुढच्या वेळी गृहीत धरू नये. पुन्हा जाताना पाकीट उघडूनच जावे.

आपल्या पूर्वजांना कोकणात शनिवार तेली म्हणत. घाणा चालवणारे, शाब्बाथला तो बंद ठेवणारे, तेही छोटे दुकानदारच. गल्ल्यामागे बसणाऱ्याला दिवसाअखेर काय उरते, हे आपल्या घराण्यांना ठाऊक आहे. वय झाले की मदत घ्यावी लागते, त्यात कमीपणा नाही. दावीदने मरताना शलोमोला बर्जिल्लयच्या मुलांना विसरू नकोस असे बजावले होते. आपणही आपल्या मुलांना त्या दुकानदाराचे नाव सांगून ठेवावे.