निफाड गारठलं, घरातल्या बेडकाचं काय? काचपेटी उबदार ठेवताना हे लक्षात घ्या

नाशिक : डिसेंबर उजाडला की निफाडचा पारा बातम्यांत येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदवलं जाणारं किमान तापमान काही हिवाळ्यांत 5 अंशांच्याही खाली गेलं आहे. द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, घराघरांत गोधड्या निघतात. ज्यांच्या घरी काचपेटीत परदेशी बेडूक आहे, त्यांना मात्र वेगळीच काळजी लागते. पेटीत बल्ब लावायचा का? हीटर किती वेळ ठेवायचा? आणि बेडूक चार दिवस हललाच नाही तर?

बेडकाला थंडी का बाधते?

बेडूक स्वतःच्या शरीरात ऊब तयार करून टिकवू शकत नाही. भोवतालचं तापमान घसरलं की त्याच्या शरीराचंही घसरतं. हालचाल मंदावते, भूक जाते, पचन जवळजवळ थांबतं. अशा वेळी पोटभर खाऊ घातलं तर अन्न न पचता पोटातच कुजू शकतं. त्यामुळे पेटी गार असताना बेडकाला खायला देऊ नका. आधी ऊब, मग खाणं.

निफाडचा आकडा घरात लागू होतो का?

नाही. बातमीतलं तापमान मोकळ्या हवेतलं असतं. बंद खोलीत ते बरंच जास्त असतं. पण खिडकीलगत, गॅलरीत किंवा थेट फरशीवर ठेवलेली पेटी खोलीपेक्षाही गार पडू शकते. म्हणून पाहायचा तो पेटीतला आकडा. त्यासाठी तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा छोटा डिजिटल मीटर पेटीत, बेडूक बसतो त्या उंचीवर लावा. बागाईतदाराला ठाऊक असतं की सर्वांत कडक गारठा सूर्योदयाच्या जरा आधी असतो. तुम्हीही पहिले दोन-तीन दिवस त्याच वेळी आकडा पाहा.

किती तापमान हवं?

हे जातीवर ठरतं.

• पॅकमॅन बेडूक (मूळचा दक्षिण अमेरिकेतला) : दिवसा 24 ते 28 अंश, रात्री 20 च्या खाली नको.

• व्हाइट्स ट्री फ्रॉग (ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी) : दिवसा 24 ते 29, रात्री 20 ते 22 अंश.

• आफ्रिकन क्लॉड फ्रॉग : हा कायम पाण्यात राहतो. अनेकदा मासेविक्रीच्या दुकानात पांढऱ्या रंगात मिळतो. त्याला 18 ते 24 अंशांचं पाणी चालतं. बंद घरात पाणी एवढं राहत असेल तर हीटरची गरज नाही.

ऊब कशी द्यायची?

सर्वांत सोयीची हीट मॅट. ती पेटीच्या तळाखाली नव्हे, मागच्या किंवा बाजूच्या काचेला बाहेरून लावा. उकडलं की खाली माती उकरायची, हा जमिनीतल्या बेडकाचा स्वभाव. तळाशीच मॅट असेल तर तो सुटकेसाठी आणखी खाली जातो आणि भाजतो.

मॅटला थर्मोस्टॅट हवाच. ठरवलेलं तापमान आलं की तो वीज तोडतो. त्याचा सेन्सर पेटीच्या आत ठेवा. मॅट एकाच बाजूला लावा, म्हणजे दुसरी बाजू थोडी गार राहील आणि कुठे बसायचं ते बेडूक ठरवेल.

बल्ब का नको?

पिवळ्या बल्बने किंवा खोलीतल्या हीटरने हवा कोरडी पडते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. श्वासही काही प्रमाणात कातडीतूनच घेतो. कातडी सुकली की दोन्हींत अडथळा येतो. नाशिकची हिवाळी हवा आधीच कोरडी असते. म्हणून ऊब आणि ओल सोबतच सांभाळावी लागते. कोकोपीट दमट ठेवा, पाण्याची उथळ वाटी कायम भरलेली असू द्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यामुळे ते दिवसभर उघडं ठेवून मगच वापरा. पहाटेचं बर्फासारखं पाणी फवारू नका. खोलीच्या तापमानाला आलेलं पाणी घ्या.

हे टाळा

• पेटी उन्हात ठेवणं. बंद काचेत उष्णता झपाट्याने साठते आणि बेडूक थंडीपेक्षा लवकर उकाड्याने दगावू शकतो.

• शेगडी किंवा शेकोटीजवळ पेटी ठेवणं. धूर त्याच्या कातडीला घातक आहे.

• त्याच खोलीत मच्छर कॉइल, लिक्विड मशीन किंवा कीटकनाशकाचा फवारा.

• गारठलेल्या बेडकाला गरम पाण्यात बुडवणं. ऊब हळूहळूच वाढवा. तरीही तो सुस्त राहिला तर पशुवैद्यकांना दाखवा.

रात्री वीज गेली तर?

पेटीच्या तीन बाजूंना आणि खाली थर्माकोल लावा, वरून चादर टाका. हवेसाठी फट मात्र ठेवा. बाटलीत गरम पाणी भरून ती टॉवेलमध्ये गुंडाळा आणि काचेला बाहेरून टेकवा. हीट मॅटला वीज कमी लागते, त्यामुळे ती घरच्या इन्व्हर्टरवरही चालू शकते.

अंगणातला बेडूक आत आणावा का?

नको. आपल्याकडचे अनेक बेडूक पावसाळा सरला की मातीत, दगडाखाली, ओलाव्याच्या जागी दडून बसतात आणि शरीराचा वेग मंदावून दिवस काढतात. त्यांना हीटर लागत नाही. शिवाय रानातले बेडूक पकडून पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार अंगाशी येऊ शकतं. जखमी वन्यप्राणी दिसला तर वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा.

परदेशी जातींनाही नियम आहेत. डार्ट फ्रॉग, लाल डोळ्यांचा ट्री फ्रॉग अशा आंतरराष्ट्रीय सायटिस करारातल्या जाती घरी असतील, तर 2024 च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. बेडूक विकत घेतानाच दुकानदाराकडे कागदपत्रं मागा.

सांभाळणं जमत नसेल तर?

थंडीचा व्याप नको म्हणून बेडूक गोदाकाठी किंवा शेततळ्यात सोडू नका. एकतर तो गारठून मरेल, नाहीतर तगून आजार पसरवेल आणि इथल्या जिवांना खाईल. मुख्य भूमीवरचा आपला मोठा पिवळा बेडूक अंदमानात पोहोचला आणि तिथल्या मूळ प्राण्यांना उपद्रव ठरला. त्याऐवजी जाणकार पाळणाऱ्याकडे सोपवा किंवा विक्रेत्याला परत द्या. आणि नवा बेडूक घ्यायचा विचार असेल, तर थर्मोस्टॅट, मॅट आणि मीटर यांचा खर्च आधी मोजा. नाशिकच्या हिवाळ्यात ही हौसेची नव्हे, गरजेची वस्तू आहे.