तीन गिअरच्या सायकलीचे मागचे चक्र

मूल, सिंदेवाही, आरमोरीच्या बाजारांत सायकलवर गाठोडे नेणाऱ्या फेरीवाल्यांना आम्ही कापड उधार देतो. चेन सुटून बाजार बुडाला की आमची वसुलीही अडते. जुन्या स्टर्मी-आर्चर हबचे चक्र झिजले म्हणून पूर्ण हब बदलणे हा नाहक खर्च आहे. फ्रीव्हीलसारखे ते आट्यांवर नसते. तीन खाचांत बसते, वर फक्त स्प्रिंगची कडी. कडी पेचकसाने उचकटावी, डोळे सांभाळून! बशीसारखे चक्र चेन सरळ धावेल त्या बाजूने बसवावे. झिजल्या चक्रावर नवी चेन ओझ्याखाली दात सोडते, म्हणून दोन्ही एकदम बदलावीत. माल जड असल्यास 18 ऐवजी 22 दात्यांचे घ्यावे; वेग थोडा घटतो, चढ मात्र हलका होतो. चेन तेवढी लांब लागेल.