शिवाजी पार्क : आधी माती, मग शोभा

दादरच्या पश्चिमेला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, सुमारे 28 एकरांचे शिवाजी पार्क पसरले आहे. 1925 मध्ये ते ‘माहीम पार्क’ म्हणून लोकांसाठी खुले झाले आणि 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवरायांचे नाव मिळाले. सव्वा किलोमीटरच्या आसपास भरणारा कट्टा, रमाकांत आचरेकरांनी घडवलेले क्रिकेटपटू, समर्थ व्यायाम मंदिरातला मल्लखांब आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभा ही या मैदानाची ओळख. शंभरी गाठलेल्या या मैदानाच्या सुधारणेची चर्चा मात्र वर्षानुवर्षे धुळीपाशी येऊन थांबते. तिथल्या प्रत्येक सुधारणेची सुरुवात मातीपासून आणि मैदानाच्या वापराच्या वेळापत्रकापासून झाली पाहिजे. दिवे, कारंजी, नव्या फरशा यांचा विचार त्यानंतरचा.

धुळीचे कारण साधे आहे. मैदानावर वेळोवेळी तांबडी माती टाकली गेली. ही बारीक माती ओली असेपर्यंत धरून राहते, पण वाळली की सुटते. पावसाळ्यात इथे गवत आपोआप उगवते. पाऊस सरला, नेट्स लागले आणि सामने सुरू झाले की गोलंदाज रोज ज्या पट्ट्यावरून धावतो, तिथले गवत सर्वात आधी मरते. मग तो पट्टा रुंदावत जातो. खालची जमीन दबून इतकी घट्ट होते की पाणी मुरत नाही, आणि वरचा थर पिठासारखा सुटा होऊन समुद्रावरच्या वाऱ्याने भोवतालच्या घरांत शिरतो. महापालिकेने पर्जन्यजल संधारण, विहिरी आणि तुषार सिंचनावर खर्च केला. प्रदूषण नियंत्रण मंडळाने कान टोचल्यावर आयआयटीच्या तज्ज्ञांचा सल्लाही घेतला. हे प्रयत्न योग्यच आहेत. पण पाण्याने धूळ काही तास बसते, गवत रुजायला मात्र विश्रांती लागते, आणि या मैदानाला सबंध वर्षात ती पावसाळ्याखेरीज मिळत नाही.

म्हणून मैदानाचे भाग पाडून ते आळीपाळीने विश्रांतीला ठेवावेत, हा सर्वात कमी खर्चाचा आणि सर्वात टिकाऊ उपाय ठरतो. एका भागात खेळ चालू असताना दुसऱ्या भागातली दबलेली माती भुसभुशीत करायची, त्यात सेंद्रिय खत मिसळायचे, गवत लावायचे आणि मुळे धरेपर्यंत तिथे पाऊल पडू द्यायचे नाही. यावर खेळाडू आणि क्लब विचारतील की मुंबईत मैदाने आधीच अपुरी, त्यात हेही आकसले तर मुलांनी खेळायचे कुठे? हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच सर्व मैदान एकदम बंद करण्याची किंवा त्याला कायमचे कुंपण घालण्याची सूचना नाकारायला हवी. पण आळीपाळीत एका वेळी मैदानाचा थोडाच भाग बाजूला राहतो, तोही ठरलेल्या मुदतीपुरता. आज उघड्या मातीवर धावणारी मुलेच सर्वात जास्त धूळ श्वासात घेतात. गवत वाढले तर पहिला फायदा त्यांचाच आहे.

दुसरा आक्षेप सभांविषयीचा. सभा बंद केल्या की प्रश्न मिटेल, असे अनेक रहिवाशांना वाटते. मुंबई उच्च न्यायालयाने 2010 मध्ये हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला तेव्हा त्यांच्या त्रासाची दखल घेतली गेली होती. तरीही हे मैदान केवळ शेजाऱ्यांचे नाही. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लाखो अनुयायी इथल्याच मंडपांत विसावतात, इथेच त्यांना पाणी मिळते. त्यांना जागा देणे हे शहराचे कर्तव्य आहे, आणि त्यानंतर जमीन पूर्ववत करण्याचा खर्चही शहरानेच उचलावा. राजकीय पक्षांचे तसे नाही. मंडपासाठी खणलेले खड्डे, अवजड वाहने आणि उरलेली खडी यांची भरपाई त्यांच्याकडून आगाऊ अनामत घेऊन वसूल करावी, आणि सभेनंतर तो भाग ठराविक दिवस विश्रांतीला ठेवण्याची अट परवानगीतच असावी.

काही जण कृत्रिम गवताचा किंवा सिमेंटच्या पट्ट्यांचा आग्रह धरतात, कारण त्यांची निगा सोपी वाटते. पण कृत्रिम गवत उन्हात तापते, सिमेंट पाणी मुरू देत नाही, आणि दाटीवाटीच्या दादरला पाणी शोषणाऱ्या जमिनीचीच अधिक गरज आहे. उद्घाटनाची फीत कापायला गवत फारसे सोयीचे नसते, त्याची निगा रोज राखावी लागते. म्हणून अंदाजपत्रकात एकदाच्या कामाऐवजी दरवर्षीच्या देखभालीची तरतूद हवी. महापालिकेने क्लब, रहिवासी आणि 6 डिसेंबरच्या व्यवस्थेत काम करणाऱ्या संस्थांना एकत्र बसवून वर्षाचे वेळापत्रक ठरवावे आणि ते मैदानाच्या प्रवेशद्वारावर लावावे. शिवाजी पार्कच्या दुसऱ्या शतकाची सुरुवात याच कामाने व्हायला हवी.