निकाल कोणाचा?

१ मे हा आम्हां कामगारांचा दिवस. सकाळी झेंडावंदन आटोपून नारायण पेठेतून परतावे, तो गणवेशातली मुले प्रगतिपुस्तके घेऊन घरी निघालेली दिसतात. त्याच दिवशी प्राथमिक शाळांचा निकाल लावण्याचा आपल्याकडे बरीच वर्षे प्रघात आहे. आईबापांचा पहिला प्रश्न ठरलेला: पास की नापास? पण हा निकाल मुलाचा, मास्तरांचा की शाळा चालविणाऱ्या सरकारचा, हे विचारण्याची आपणांस सवय नाही.

मजुरी दोन रीतींनी ठरते, दिवसावर किंवा नगावर. नगावर काम असले की कामगार सोपा माल आधी उचलतो आणि अवघड माल कोपऱ्यात पडून राहतो. दोष त्याचा नव्हे, दराचा. शाळेतही हा प्रयोग होऊन गेला आहे. इंग्लंडात १८६२ साली परीक्षेच्या निकालावर शाळेचे अनुदान ठरविण्याची पद्धत निघाली आणि मुंबई इलाख्यातील अनुदानित शाळांपर्यंत ती पोहोचली. निरीक्षकाने वाचन, लेखन, गणित तपासावे आणि उतरलेल्या मुलांच्या हिशेबाने पैसा मिळावा, असा हा नगावरचा दर.

त्याविरुद्ध पुण्यातूनच आवाज उठला. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी सांगितले की, ज्या लोकांत शिक्षणाची गोडीच अजून उत्पन्न झालेली नाही, त्यांच्या शाळांना ही पद्धत उपयोगाची नाही. अशा मिळकतीवर शिक्षकाचे पोट भरणार नाही. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, शिक्षकाला कमीत कमी १२ रुपये पगार द्या आणि नांगर हाती धरायला न लाजणारे शिक्षक तयार करा, ही त्यांची मागणी. (पगाराचा आकडा घालून केलेले हे निवेदन आम्हांला आमच्या युनियनच्या मागणीपत्रासारखेच वाटत आले आहे.)

सक्ती यायला मात्र फार काळ गेला. गोखल्यांचे विधेयक १९१२ साली मध्यवर्ती कायदे कौन्सिलात १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ती आणली. देशभर मुलाचा हक्क म्हणून शिक्षण मिळाले ते १ एप्रिल २०१० पासून.

या कायद्याने हिशेब उलट्या बाजूने मांडला. शाळेने काय द्यावे ते त्याने आधी ठरविले: पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन, साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक, आणि जनगणना, आपत्ती व निवडणूक यांखेरीज शिक्षकाला शाळेबाहेरच्या कामाला जुंपायचे नाही. मगच, आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही, असे म्हटले. लोकांनी यातले शेवटचे वाक्य तेवढे ऐकले आणि परीक्षाच गेली असे समजले. वास्तविक महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली-दुसरीला ७० गुण आकारिक, म्हणजे मूल शिकत असतानाच त्याचे तोंडी काम, कृती, स्वाध्याय पाहून द्यायचे, आणि ३० संकलित, सत्राअखेरचे. कल्पना उत्तम, पण मास्तरांवर कागदांचा भार वाढला की वर्षभराच्या नोंदी एका बैठकीत भरल्या जातात.

पुढे २०१९ साली केंद्राने कायदा दुरुस्त केला आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. नापास झालेल्याला जादा शिकवायचे, निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची आणि तीतही न जमल्यास त्याच वर्गात बसवायचे. हे दोन महिने म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. नारायण पेठेतल्या मुलाला तेव्हा आजोबा असतात, शिकवणी असते. ऊसतोड कामगाराचे मूल दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर फडावर जाते, ते परीक्षेच्या तोंडावर परत येते. शाळेने २०० दिवस भरविले, तरी त्याच्या पदरी जेमतेम निम्मे पडतात. अशा मुलांसाठी गावी हंगामी वसतिगृहे आहेत; पण तान्ह्याला सांभाळायला थोरली हवी, म्हणून तिला बरोबर नेणारी कुटुंबे आहेतच. ती पाचवीत नापास झाली तर शेरा तिच्या एकटीच्या नावावर.

प्रगतिपुस्तकात मुलाची हजेरी लिहिलेली असते. तिच्या शेजारी आणखी दोन आकडे छापावेत: वर्गावर शिक्षक प्रत्यक्ष किती दिवस होता, आणि दुसऱ्या कामावर किती दिवस गेला. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. जूनमधल्या पहिल्या बैठकीत हे आकडे मागता येतील.