हवेच्या धारव्याची झीज

जड भार हलविण्याच्या साधनांत ज्याला कारखान्यातील कारागीर एअर बेअरिंग म्हणतात, त्या हवा-धारव्याविषयी सहज शंका येते की, भार हवेवर तरंगत असेल तर झीज कशाची व्हावी? झीज होते ती हवेचे पटल तुटते त्या क्षणी.

मंचाच्या तळाशी बसविलेले रबरी वलय दाबाखालील हवेने फुगून फरशीला टेकते. वलयाच्या छिद्रांतून हवा मधल्या पोकळीत शिरते. तेथील दाब पुरेसा झाला की मंच उचलला जातो आणि जादा हवा वलयाखालून निसटू लागते. हे निसटते पटल मिलिमीटरच्या दशांशाहूनही पातळ असते. लासलगावच्या बाजारातील कांद्याचेच उदाहरण घेऊ. 10 टन कांदा चार धारव्यांवर ठेवला, तर प्रत्येकावर 2,500 किलोग्रॅम भार येईल. पोकळीतील दाब दर चौरस सेंटिमीटरला 2 किलोग्रॅम धरल्यास सुमारे 40 सेंटिमीटर व्यासाचे क्षेत्र पुरते, आणि घर्षणांक हजारांशाच्या आसपास असल्याने सपाट फरशीवर हा भार दोन माणसे ढकलू शकतील.

बाजार आवारात मात्र तो हलणार नाही. फटीतून निसटणारी हवा फटीच्या जाडीच्या घनप्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की हवा आठपट लागते. फरशीचा सांधा, माती, कांद्याची पाचोळ्यासारखी साल यांनी पटल तुटते व वलय घासू लागते. अशा जागी बैलगाडीची लोखंडी धावच बरी!

बंदिस्त, गुळगुळीत फरशीवर कारण निराळे असू शकते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे 'कृषक' हे विकिरण केंद्र लासलगाव येथे 2002 साली सुरू झाले. कोंब रोखण्यासाठी कांद्याला 60 ते 90 ग्रे मात्रा एकदाच पुरते. पण अशा कक्षात हवा-धारवे योजिले, तर त्यांच्या रबरात फेरीगणिक मात्रा साठत जाईल. त्यामुळे नैसर्गिक रबर कालांतराने कडक होऊन तडकते. ब्यूटिल रबर उलट मऊ व चिकट होते.

म्हणून वलय बदलण्यापूर्वी जुने नीट पाहावे. तळ सर्वत्र घासलेला असल्यास हवा अपुरी किंवा फरशी खरबरीत. एकाच जागी चीर असल्यास फरशीचा सांधा. घर्षणाची खूण नसता भेगा असल्यास रबराचे वार्धक्य किंवा विकिरण. कारण तसेच ठेवून बसविलेले नवे वलयही त्याच वाटेने जाईल.

प्रत्यक्ष बदलताना प्रथम भार मंचावरून उतरवावा. रिकामा मंच जॅकने उचलून भक्कम ठोकळ्यांवर टेकवावा, हवेची नळी बंद करून उरलेला दाब सोडावा, आणि मगच हात आत घालावा. केवळ जॅकच्या भरवशावर कोणी मंचाखाली जाऊ नये. बैठक पुसून वलय बसविल्यावर जोडांवर साबणाचे पाणी लावून गळती पाहावी. शेवटी, रिकामा मंच तरंगत असताना चारही कोपऱ्यांची उंची मोजावी. एक कोपरा खाली राहिल्यास दोष बहुधा नव्या वलयात नसून शेजारच्या खचलेल्या जुन्या वलयात असतो.