पावस ते व्हेनिस, व्हाया गोकर्ण रोड

विषय निघाला तो पेट्या भरताना. मे महिन्याचा पहिला आठवडा, पडवीभर पेंढा, आणि आत्या हापूसचं एकेक फळ देठ सांभाळून बसवत होती. मान वर न करता म्हणाली, "यंदा सत्तर पुरी होतात मला. इटलीतल्या आगगाडीत बसायचं तेवढं राहिलंय."

इटली आली कुठून, तर शेजारच्यांच्या मुलाने फोनवर पाठवलेल्या एका व्हिडिओतून. दोन्ही बाजूंना पाणी आणि मधून सरळ व्हेनिसमध्ये शिरणारी गाडी. तो रेल्वेपूल १८४६चा, साडेतीन किलोमीटरहून लांब. आत्याचा तो व्हिडिओ निम्म्या पावस गावाला दाखवून झाला होता. "आपल्या भाट्याच्या पुलासारखाच, फक्त संपत नाही," हे तिचं वर्णन.

मी त्याच रात्री कागद घेऊन बसले. रोम, नेपल्स, फ्लोरेन्स, पिसा, चिंक्वे तेर्रे, व्हेनिस, व्हेरोना, मिलान. दहा रात्री, आठ मुक्काम. सकाळी आत्याने चष्मा लावून यादी वाचली आणि विचारलं, "ह्यात आंघोळ कधी करायची गो?"

प्रश्न बरोबर होता. रोम ते फ्लोरेन्स वेगवान गाडी दीड तासात जाते, म्हणून कागदावर ते शेजारचं गाव वाटतं. पण खोली सकाळी दहा-अकराला सोडायची, नवी दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. मधल्या वेळात बॅग ओढत स्टेशन, गाडी, पुन्हा बॅग ओढणं. दीड तासाच्या प्रवासात दिवसाचा गाभाच जातो. आठ मुक्काम म्हणजे हे सात वेळा. असा प्रवास आखताना गाड्या मोजू नयेत, बॅग किती वेळा भरायची ते मोजावं. कागदावर उरली तीन नावं: रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस. बाकीच्यांसाठी खुंट्याला बांधलेल्या गाईचा न्याय लावला. दोरी पोचेल तेवढं चरायचं. फ्लोरेन्सहून पिसा तासाभरावर आहे, रोमहून नेपल्स सव्वा तासावर. सकाळी जायचं, संध्याकाळी त्याच खोलीत परत.

माझा भाऊ म्हणाला, तुम्हा दोघींना एकत्र आगगाडीचा अनुभव काय, तर रत्नागिरी-दादर. आधी कोकण रेल्वेवर करून बघा. म्हणून जानेवारीत रंगीत तालीम ठरली: रत्नागिरी, मडगाव, गोकर्ण, उडुपी आणि परत.

तिकिटापासूनच शिकवणी सुरू झाली. आपल्या रेल्वेत 'ब्रेक जर्नी' नावाची जुनी सवलत आहे. एकच तिकीट पाचशे किलोमीटरहून जास्त अंतराचं असेल, तर वाटेत उतरून दोन दिवस राहता येतं. उतरण्याचा आणि पुन्हा चढण्याचा दिवस त्यात धरत नाहीत. हजार किलोमीटरपर्यंत असं एकदा, त्यापुढे दोनदा. पण पहिला थांबा पाचशे किलोमीटर कापल्यावरच घेता येतो. आमचं मडगाव त्याच्या कितीतरी अलीकडे, त्यामुळे आम्हाला तुकड्यातुकड्यांचीच तिकिटं काढावी लागली. मुंबईहून केरळात जाणाऱ्यांनी मात्र ही सवलत विसरू नये. निघाल्या ठिकाणीच परत यायचं असेल तर वर्तुळाकार प्रवासाचं तिकीटही असतं, त्यात वाटेत आठ थांबे घेता येतात. लांब पल्ल्याच्या दराने पैसे लागत असल्याने ते तुकड्यांपेक्षा स्वस्त पडतं. हल्ली ते फारसं कुणी मागत नाही.

आरक्षण १ नोव्हेंबर २०२४पासून साठ दिवस आधी उघडतं; पूर्वी एकशेवीस दिवस मिळायचे. ज्येष्ठांची तिकिटातली सूट मार्च २०२०मध्ये बंद झाली ती झालीच, खालच्या बर्थचा राखीव वाटा तेवढा आहे. आत्याला ती सूट गेल्याचा राग अजून आहे आणि तो प्रत्येक प्रवासात निदान पनवलच्या पुलापर्यंत टिकतो. रत्नागिरी सोडल्यावर थोड्याच वेळात तो पूल येतो, चौसष्ट मीटर उंचीचा. तिथे सगळेच गप्प होतात.

या तालमीतून सगळ्यात उपयोगी काय कळलं असेल तर स्टेशनाच्या नावातला 'रोड' हा शब्द. राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड, गोकर्ण रोड. नाव वाचून वाटतं गाव आलं. खरं तर ती सूचना असते: गाव इथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथे आहे. कोकण रेल्वेचा मार्ग डोंगरांच्या कुशीतून गेलाय आणि आपली जुनी गावं खाडीच्या तोंडाशी. रत्नागिरीच्या नावात 'रोड' नाही, तरी स्टेशन कुवारबावला. म्हणजे पावसहून आधी एसटी, मग रिक्षा, आणि मग गाडी. गोकर्ण रोडला उतरून गोकर्णात पोचायला आणखी आठ-दहा किलोमीटर.

इटलीत बहुतेक ठिकाणी याच्या उलट आहे. फ्लोरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनातून मोठ्या घुमटाच्या चर्चपर्यंत चालत दहा-पंधरा मिनिटं. रोमचं तेर्मिनी शहराच्या पोटातच आहे. (हे नाव टर्मिनसवरून पडलेलं नाही. शेजारी प्राचीन रोमन स्नानगृहं होती, त्यांना थेर्मे म्हणत, त्यावरून पडलं.) पण एक 'रोड' तिथेही लपलेला आहे. व्हेनेझिया मेस्त्रे म्हणजे जमिनीवरचं व्हेनिस. पाण्यातल्या व्हेनिसला जायचं तर पूल ओलांडून व्हेनेझिया सांता लुचियाला उतरायचं. दोन्ही नावांची सुरुवात सारखी, त्यामुळे नवखी माणसं मेस्त्रेला उतरून कालवे शोधत बसतात. मी आत्याला म्हटलं, "मेस्त्रे म्हणजे व्हेनिस रोड." तिने वहीत तसंच लिहून घेतलं.

गोकर्ण रोडला आमची फजिती झाली, तीही माझ्यामुळे. परतीच्या वाटेवर मडगावची गाडी पकडायची होती. डबा कुठे येईल याची पाटी असते, ती बघायचा मी कंटाळा केला. गाडी आली, आमचा डबा पुढे निघून गेला आणि थांबा जेमतेम दोन मिनिटांचा. दोघींत चार बॅगा, शिवाय उडुपीहून घेतलेल्या खाऊची पिशवी. आत्या धावली नाही. समोर आलेल्या दारातून शांतपणे चढली, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आतून चालत जाऊ. गाडी सगळी एकच असते." आतून सहा डबे ओलांडले. तेव्हा ठरलं की इटलीला माणशी एकच बॅग, आणि तीही जिची तिला दोन पायऱ्या चढवता येईल एवढीच. व्हेनिसमध्ये पायऱ्यांचे पूल आहेत आणि रिक्षा नाही. शिवाय इटलीतल्या मोठ्या स्टेशनांवर फलाटाचा आकडा, 'बिनारिओ', गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी पाटीवर येतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पाटीखालीच उभं राहावं, फलाटाचा अंदाज बांधून पुढे जाऊ नये.

कोकण रेल्वे अजून बरीचशी एकेरी. समोरून गाडी आली की कुठल्याशा लहान स्टेशनावर क्रॉसिंगला थांबायचं, किती वेळ ते कुणी सांगत नाही. पावसाळ्यात तर वेळापत्रकच वेगळं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात. म्हणून एका गाडीतून उतरून लगेच दुसरी पकडायचा बेत इथे करू नये. इटलीत वक्तशीरपणा आपल्यापेक्षा बरा, पण तिथे संप होतात. रेल्वेचा संप आधी जाहीर होतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत काही ठरावीक गाड्या चालवाव्याच लागतात. निघायच्या आठवड्यात 'शोपेरो' हा शब्द बातम्यांत शोधावा. त्याचा अर्थ संप.

तिथली तिकिटं दोन जातींची. वेगवान गाड्यांची, म्हणजे सरकारी फ्रेच्चारोस्सा किंवा २०१२पासून धावणारी खासगी इतालो, तिकिटं जितकी लवकर घ्याल तितकी स्वस्त. मात्र सगळ्यात स्वस्त तिकीट रद्द केलं तर पैसे परत येत नाहीत. साध्या 'रेजोनाले' गाड्यांचं भाडं ठरलेलं, आदल्या दिवशी घ्या की त्याच दिवशी. फक्त कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून छापून घ्यायचं. विसरलात तर तिकीट खिशात असूनही दंड. पर्यटकांचा रेल्वे पास आमच्यासारख्यांनी घेऊ नये असं माझं मत. वेगवान गाडीत त्या पासावर आरक्षणाचे पैसे वेगळे द्यावे लागतात, आणि तीन मुक्कामांसाठी पास कशाला?

व्हिसाची माहिती थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज निघण्यापूर्वी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत करता येतो. जून २०२४पासून मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. मुक्काम आणि परतीचं तिकीट दाखवावं लागत असल्याने आखणी आधी, अर्ज नंतर.

खरी अडचण पावसच्या पंचांगाची. इटलीला जायला एप्रिल-मे उत्तम, तेव्हा आमच्याकडे आंबा. ऑगस्टात तिथे उकाडा, शिवाय १५ ऑगस्टच्या फेरागोस्तोला अर्धी दुकानं बंद. सप्टेंबरात गणपती, आणि गणपतीत कोकणातलं माणूस घर सोडत नाही, उलट मुंबईचं घरी येतं. उरला ऑक्टोबर. तेव्हा भातकापणी, पण ती भावाने करायची असं आत्याने परस्पर ठरवून टाकलंय. ऑक्टोबरपासून पुढे व्हेनिसला मोठ्या भरतीचं पाणी चौकात शिरतं, हे मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं. २०२०पासून समुद्राच्या तोंडाशी 'मोसे' नावाचे पोलादी दरवाजे उचलून ते पाणी अडवतात, हेही सांगितलं. "म्हणजे उधाण," ती म्हणाली. "बघू की."

शेवटची चर्चा खाण्यावर, आणि ती सगळ्यात लांबली. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, म्हणून खरवस बाद, पेढे बाद. फळं न्यायची तर निर्यातीसारखं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे हापूसही बाद. पाच फळांना मात्र प्रमाणपत्राची अट नाही: अननस, केळं, खजूर, दुरियान आणि नारळ. नारळ ऐकल्यावर आत्याचा चेहरा उजळला. सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेतं, हे मी सांगितलं, पण ओल्या नारळाला काही हरकत दिसत नाही म्हटल्यावर तिने वही उघडली. मेस्त्रेच्या खाली आता लिहिलंय: नारळ दोन, सोलून.